समोरच्याच्या कपाटातला कागद

वकिलाच्या ऑफिसची पायरी पहिल्यांदा चढणारा पक्षकार फीच्याही आधी एक प्रश्न विचारतो. ‘साहेब, खरा कागद तर त्याच्याच कपाटात आहे. तो कशाला स्वतःच्या हाताने आणून देईल?’

प्रश्न रास्त आहे. दिवाणी दाव्यात पोलीस येत नाहीत, झडती होत नाही, पंचनामा करून कुणी कपाट उघडत नाही. ज्याचे म्हणणे त्याने शाबीत करायचे, एवढा साधा हिशोब. मग पुरावाच दुसऱ्याच्या ताब्यात असेल तर शाबीत करायचे कशाच्या जोरावर? याचे उत्तर दिवाणी प्रक्रिया संहितेत आहे. संहिता 1908 ची, लागू झाली 1 जानेवारी 1909 पासून. म्हणजे हे उत्तर शंभर वर्षांहून जुने आहे, आणि पक्षकारांना वाटते त्यापेक्षा बरेच धारदार आहे. ते फारसे वापरले जात नाही, ही गोष्ट निराळी.

सोयीसाठी एक दावा डोळ्यांसमोर ठेवू. समजा, उसाच्या पट्ट्यातले एक गाव. वडील वारले. मागे सहा एकर बागायत आणि गावातले घर. थोरला भाऊ गावी राहतो, जमीन कसतो; बहीण लग्न होऊन पुण्याला. ती वाटणी मागायला गेली तेव्हा भाऊ म्हणाला, ‘आबांनी मृत्युपत्र करून सगळं माझ्या नावावर केलंय.’ मृत्युपत्र दाखवा म्हटले तर ‘वकिलाकडे आहे’. उसाची बिले कुणाच्या खात्यात जातात, ते विचारले तर रागावला. बहिणीने वाटपाचा दावा लावला. तिच्याजवळ आहे सातबारा, फेरफाराच्या नकला आणि शाळा सोडल्याचा दाखला. बाकीचे सगळे भावाच्या कपाटात.

1. आधी आपली पिशवी रिकामी करा

दुसऱ्याकडे बोट दाखवण्याआधी कायदा तुम्हाला विचारतो, तुमच्याजवळ काय आहे? वादीने दाव्याबरोबरच आपले कागद, त्यांच्या यादीसह, दाखल करायचे. जो कागद आपल्याजवळ नाही पण ज्यावर दावा उभा आहे, तो कुणाच्या ताब्यात आहे हे जमेल तितके लिहायचे. प्रतिवादीनेही कैफियतीबरोबर तेच करायचे. ही सक्ती 1 जुलै 2002 पासून लागू झालेल्या दुरुस्तीने अधिक कडक केली. मूळ कागद मुद्दे निघण्यापूर्वी, म्हणजे कोर्टाने वादाचे नेमके प्रश्न ठरवण्यापूर्वी, हजर व्हायला हवेत. त्यानंतर आणायचे तर कोर्टाची परवानगी लागते, आणि उशीर का झाला ते सांगावे लागते.

जुन्या पद्धतीच्या लग्नात बैठकीत याद करतात. देणे-घेणे, मानपान, कुणाचे किती पाहुणे हे दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांसमोर कागदावर येते, म्हणजे मग मांडवात कटकट होत नाही. दाव्यातली कागदांची यादी याच जातीची आहे. साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहायच्या आधी दोघांनाही ठाऊक हवे, की कोणत्या कागदांवर ही लढत होणार आहे.

एक अपवाद मात्र मुद्दाम ठेवला आहे. समोरच्या साक्षीदाराच्या उलटतपासणीत त्याला दाखवण्यासाठी राखून ठेवलेला कागद आधी यादीत द्यावा लागत नाही. सिनेमातला वकील कोटाच्या खिशातून कागद काढतो, त्याला कायद्याचा आधार असलाच तर तो एवढाच. पण या फटीतून आपला मुख्य पुरावा घुसवायला गेलात तर न्यायाधीश हात धरतात.

व्यवहारात काय होते? उशिरा आलेला कागद बऱ्याचदा किरकोळ खर्च बसवून घेतला जातो. ‘न्याय व्हावा’ हा हेतू चांगला आहे, पण त्या उदारपणामुळे वेळेत कागद देणाऱ्याला शिक्षा आणि झोपा काढणाऱ्याला बक्षीस मिळते, असे माझे स्पष्ट मत आहे.

2. जे सरकारी दप्तरात आहे, ते भावाकडे मागू नका

आपल्या बहिणीने पहिली चक्कर मारायची ती कोर्टात नव्हे, दुय्यम निबंधकाच्या कचेरीत. मृत्युपत्र नोंदवलेच पाहिजे असे नाही, पण ते नोंदवलेले असेल तर त्याची नक्कल तिथे मिळते. करणारा हयात असेपर्यंत ती फक्त त्याला किंवा त्याच्या मुखत्याराला मिळते. त्याच्या मृत्यूनंतर अर्ज करील त्याला. नोंदणी कायद्याच्या 57 व्या कलमातच हे लिहिले आहे. भावाने ‘वकिलाकडे आहे’ म्हणत दोन वर्षे काढली असतील, तर तो कागद बहिणीला मृत्यूचा दाखला देऊन आणि नकलेची फी भरून मिळण्यासारखा आहे.

खरेदीखते, गहाणखते, फेरफार, जुने सातबारे यांचेही तेच. सरकारी दप्तराची प्रमाणित नक्कल पुराव्यात चालते. बँकेच्या खातेवहीचा उतारा 1891 च्या एका स्वतंत्र कायद्यामुळे प्रमाणित नकलेवर चालतो. त्यासाठी शाखेतले चोपडे उचलून आणावे लागत नाहीत. आणि साखर कारखाना, बँक, अडत्या असा तिसराच कुणी कागद धरून बसला असेल, तर कोर्टामार्फत त्याला ‘एवढा कागद घेऊन या’ असे समन्स काढता येते. साक्ष द्यायची नाही, फक्त कागद हजर करायचा, असेही समन्स निघते आणि कागद दुसऱ्या कुणाच्या हाती पाठवला तरी भागते.

3. लेखी विचारा, शपथेवर उत्तर घ्या

आता खरा गाभा. संहितेचा आदेश 11. कोर्टाच्या आवारात त्याला सगळे ‘ऑर्डर इलेव्हन’च म्हणतात. त्यात समोरच्याकडून माहिती काढण्याच्या तीन पायऱ्या आहेत: प्रश्न, यादी आणि पाहणी.

पहिली पायरी प्रश्नावलीची. कोर्टाच्या परवानगीने तुम्ही समोरच्या पक्षकाराला लेखी प्रश्न देऊ शकता. त्याने शपथपत्रावर, साधारण दहा दिवसांत किंवा कोर्ट देईल त्या मुदतीत, उत्तर द्यायचे. परवानगीच्या अर्जावर सात दिवसांत निर्णय व्हावा असे संहिता म्हणते. सात दिवसांत तो होतो का, हे जो कोर्टाची पायरी चढला आहे त्याला सांगायला नको.

बहिणीची प्रश्नावली कशी असावी? अशी:

‘प्रश्न 1. तुम्ही कैफियतीत म्हटलेले मृत्युपत्र कोणत्या तारखेचे आहे? ते आज कुणाच्या ताब्यात आहे?

प्रश्न 2. त्यावर साक्षीदार म्हणून कुणाकुणाच्या सह्या आहेत?

प्रश्न 3. वडिलांच्या मृत्यूनंतर दावा मिळकतीतला ऊस कोणत्या कारखान्याला, कोणाच्या नावावर गेला? बिलाची रक्कम कोणत्या बँक खात्यात जमा झाली?

प्रश्न 4. वडील मृत्यूपूर्वी दवाखान्यात दाखल होते का? असल्यास कोणत्या दिवशी आणि कुठे?’

प्रश्न छोटे, एकेका गोष्टीचे, पळवाट नसलेले. मृत्युपत्राची तारीख आणि दवाखान्याची तारीख एकच निघाली, तर उलटतपासणीचे अर्धे काम तिथेच झाले. मिळालेल्या उत्तरांपैकी आपल्या सोयीची तेवढीच पुराव्यात वापरायची मुभाही आहे.

पण ‘तुम्ही नेहमी खोटे बोलता हे खरे आहे का?’ असले प्रश्न इथे चालत नाहीत. राजनारायण यांनी इंदिरा गांधींच्या रायबरेलीतल्या निवडणुकीला आव्हान दिले, त्या गाजलेल्या खटल्यात 1972 साली हाच वाद सर्वोच्च न्यायालयात गेला होता. न्यायालयाने फरक स्पष्ट केला: उलटतपासणीत चालणारा प्रत्येक प्रश्न प्रश्नावलीत चालेल असे नाही, प्रश्नाचा दाव्यातल्या वादाच्या मुद्द्याशी बऱ्यापैकी जवळचा संबंध हवा. साक्षीदाराचा विश्वासार्हपणा खरवडणे हे पिंजऱ्यातले काम. प्रश्नावली असते ती वस्तुस्थितीसाठी.

4. ‘होता, पण आता नाही’

दुसरी पायरी मला सगळ्यांत आवडते, कारण ती माणसाला पळायला जागाच ठेवत नाही. तुम्ही कोर्टाला अर्ज करायचा, की समोरच्याने वादाच्या मुद्द्यांशी संबंधित आपल्या ताब्यातल्या सगळ्या कागदांची यादी शपथेवर द्यावी. यादी कशी द्यायची याचा नमुना संहितेच्या परिशिष्टात छापलेला आहे, आणि तो ज्याने लिहिला तो माणूस पक्षकारांना चांगला ओळखून होता.

नमुन्यात कागदांचे तीन ढीग करावे लागतात. पहिला, माझ्याजवळ आहेत आणि दाखवायला हरकत नाही. दुसरा, माझ्याजवळ आहेत पण दाखवायला हरकत आहे, आणि हरकत का ते हे. तिसरा, माझ्याजवळ होते पण आता नाहीत. या तिसऱ्या ढिगापाशी थांबून लिहावे लागते, की ते शेवटचे माझ्याजवळ कधी होते, त्यांचे पुढे काय झाले, आणि आता ते कुणाकडे आहेत. शेवटी शपथ: याखेरीज माझ्याजवळ, माझ्या वकिलाजवळ किंवा माझ्या वतीने अन्य कुणाजवळ हिशोबाची वही, पावती, पत्र, टिपण, त्यांची नक्कल, असे काहीही नाही आणि कधी नव्हते.

आता भावाची पंचाईत बघा. आबांची रोजची जमाखर्चाची वही होती, हे गावाला माहीत. ‘नाही’ म्हणावे तर शपथेवर खोटे. ‘होती, पण आता नाही’ म्हणावे तर केव्हापासून नाही आणि गेली कुठे, हे लिहावे लागणार. ‘उंदरांनी खाल्ली’ असे लिहिणारेही भेटतात. पण तेवढे लिहिले की उलटतपासणीला विषय मिळतो.

कोणते कागद मागता येतात? फक्त पुराव्यात जसेच्या तसे चालतील तेवढेच नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने 1972 मध्ये एम. एल. सेठी विरुद्ध आर. पी. कपूर या प्रकरणात सांगितले, की मागितलेला कागद स्वतः पुरावा म्हणून ग्राह्य असलाच पाहिजे असे नाही. वादावर प्रकाश टाकण्यासारखा असला तर पुरे. प्रकरणही मजेशीर होते. वादी म्हणत होता, मी कोर्ट फी भरण्याइतका सधन नाही, मला निर्धन म्हणून दावा करू द्या. प्रतिवादी म्हणाला, मग तुमच्या मिळकतीचे कागद दाखवा.

हा विचार मूळ इंग्लंडमधला. 1882 साली पेरू देशातल्या ग्वानो, म्हणजे समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेच्या खताच्या एका व्यापारी वादात तिथल्या अपील कोर्टाने म्हटले, की ज्या कागदावरून पुढच्या चौकशीचा माग लागेल तोही दाखवला पाहिजे. खताच्या भांडणातून निघालेला हा नियम पुढे इंग्रजी कायद्याच्या छायेतल्या कोर्टांतून फिरला.

5. बघू द्या

तिसरी पायरी पाहणीची. समोरच्याने दाव्यात, कैफियतीत किंवा शपथपत्रात ज्या कागदाचा उल्लेख केला, तो दाखवण्याची नोटीस तुम्ही मुद्दे निघेपर्यंत देऊ शकता. यासाठी आधी कोर्टाची परवानगीही लागत नाही. नोटीस मिळाल्यावर दहा दिवसांत त्याने पाहणीची वेळ कळवायची. वेळ त्यापासून तीन दिवसांच्या आतली, जागा बहुधा त्याच्या वकिलाचे ऑफिस. तुम्ही जायचे, कागद वाचायचा, नक्कल घ्यायची. नोटीस देऊनही दाखवला नाही, तर पुढे तो कागद स्वतःच्या बाजूने पुराव्यात आणायची वाट त्याला बहुतेक बंद होते.

भावाने कैफियतीत ‘मृत्युपत्रानुसार’ असे लिहिले, त्याच क्षणी बहिणीला ही नोटीस देता येते. कितीतरी वकील ती देत नाहीत. ‘साक्षीला आला की बघू’ असे म्हणत तीन-चार वर्षे मृत्युपत्र न पाहताच दावा चालतो, आणि मग साक्षीच्या दिवशी सही कुणाची, साक्षीदार कोण, शाई कसली, यावर धावाधाव सुरू होते.

एक सावधगिरी. नोटीस देऊन कोर्टापुढे मागवलेला कागद हजर झाला आणि तुम्ही तो पाहिलात, तर समोरच्याने आग्रह धरल्यास तो तुमच्याच बाजूचा पुरावा म्हणून दाखल करावा लागतो. म्हणून आंधळेपणाने मागवू नका. आधी वकिलाच्या ऑफिसात पाहणी करा, मग ठरवा.

याच सुमाराला आणखी एक छोटे हत्यार वापरावे: कबुलीची नोटीस. ‘हा कागद खरा आहे असे कबूल करा, सात दिवसांत उत्तर द्या.’ विनाकारण नाकारला आणि पुढे तो शाबीत झाला, तर तो शाबीत करण्याचा खर्च, दाव्याचा निकाल कसाही लागो, नाकारणाऱ्याच्या माथी बसू शकतो.

6. आणि तरीही दिला नाही तर?

इथे पक्षकार हमखास खचतो. ‘कोर्टाने सांगितलं तरी त्याने दिलं नाही, आता?’ आता तीन गोष्टी होऊ शकतात.

पहिली, सगळ्यांत जड. आदेश 11 खालचा हुकूम मोडणारा वादी असेल तर त्याचा दावा काढून टाकता येतो, आणि त्याच कारणावर नवा दावा लावायलाही त्याला बंदी होते. प्रतिवादी असेल तर त्याचा बचाव खोडला जातो. ही शिक्षा कोर्टे सहजी देत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्ये बब्बर शिलाई मशीन कंपनीच्या प्रकरणात बजावले, की हट्टाने, जाणूनबुजून हुकूम मोडला असेल तरच हे टोक गाठावे.

दुसरी, पुराव्याच्या कायद्यातली. नोटीस देऊनही मूळ करार हजर केला नाही, तर तुम्ही त्याची झेरॉक्स किंवा त्यातल्या मजकुराची साक्ष देऊ शकता. मग तुमच्या झेरॉक्सला खोटे पाडायला समोरचा एकदम मूळ प्रत काढू लागला, तर तुमच्या संमतीशिवाय किंवा कोर्टाच्या हुकमाशिवाय त्याला ती वापरता येत नाही.

तिसरी गोष्ट रोजच्या कामात जास्त उपयोगाची: प्रतिकूल अनुमान. जो पुरावा माणसाजवळ आहे आणि तो हजर करत नाही, तो हजर झाला असता तर त्याच्याच विरुद्ध गेला असता, असे कोर्ट धरून चालू शकते. हे 1872 च्या जुन्या पुराव्याच्या कायद्यात होते, आणि 1 जुलै 2024 पासून त्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही कलम 119 मध्ये आहे.

यावरचा देशभर सांगितला जाणारा निवाडा आपल्या कल्याणजवळच्या हाजी मलंग दर्ग्याच्या वादातला. गोपाळ कृष्णाजी केतकर विरुद्ध महंमद हाजी लतीफ, सर्वोच्च न्यायालय, 1968. वाद होता 134 नंबरच्या जमिनीचा: ती वहिवाटदाराची खासगी, की दर्ग्याची? वहिवाटदाराने साक्षीत कबूल केले, की त्या जमिनीचे उत्पन्न आपण घेतो, आणि दर्ग्याच्या उत्पन्नाचा हिशोब वेगळा ठेवलेला आहे. पण ना स्वतःचा हिशोब हजर केला, ना दर्ग्याचा. त्याच्या वतीने युक्तिवाद झाला, की शाबितीचा भार आमच्यावर नाही, आम्हाला हिशोब आणायला कुणी सांगितलेही नव्हते. न्यायालयाने तो मानला नाही. भार कुणावरही असो, महत्त्वाचा कागद हाताशी असताना तो दडवून भाराच्या तत्त्वाआड बसणे ही बरी रीत नाही, आणि अशा वेळी विरुद्ध अनुमान काढता येते.

आपल्या उसाच्या बिलांना हे तंतोतंत लागू पडते. पण एक लक्षात घ्या: अनुमान काढलेच पाहिजे असे कायदा म्हणत नाही, काढता येते असे म्हणतो. बहिणीने प्रश्नावली दिली, यादी मागितली, नोटीस दिली, आणि तरी वही आली नाही, असे रेकॉर्डवर दिसले की त्या अनुमानाला पाय फुटतात. काहीच न मागता शेवटच्या युक्तिवादात ‘त्यांनी वही दडवली’ असे ओरडण्याला फारसे वजन नसते.

7. स्वतःच सही केलेला कागद गिळला तर

आतापर्यंत दुसऱ्याकडून काढून घ्यायचे नियम पाहिले. पण कुणी मागितलेच नाही, तर गप्प बसायला काय हरकत आहे? दक्षिणेतल्या एका प्रकरणाने याचे उत्तर दिले आहे: एस. पी. चेंगलवराय नायडू विरुद्ध जगन्नाथ.

जगन्नाथ एका सावकाराकडे कारकून. सावकाराने वसुलीच्या हुकूमनाम्यात लिलावाला काढलेली मिळकत त्याने सावकाराच्या वतीने, स्वतःच्या नावे घेतली. 25 नोव्हेंबर 1945 रोजी त्याने हक्कसोडपत्र लिहून दिले, की यात माझे काही नाही, सगळे मालकाचे. पुढे ऋणकोंनी सावकाराचे पैसे चुकते केले. आणि नंतर याच जगन्नाथाने लिलावातल्या खरेदीच्या जोरावर वाटपाचा दावा लावला, हक्कसोडपत्राबद्दल चकार शब्द न काढता. प्राथमिक हुकूमनामाही मिळवला. अंतिम हुकूमनाम्याच्या वेळी प्रतिवादींना ते हक्कसोडपत्र कळले.

उच्च न्यायालय म्हणाले, कागद नोंदवलेला होता, प्रतिवादींनी शोधायला हवा होता. वादीने सगळे खरे सांगावे असे बंधन नाही. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 1993 मध्ये हे साफ उडवून लावले. वादाशी संबंधित, स्वतः लिहून दिलेला कागद दडवून मिळवलेला हुकूमनामा म्हणजे कोर्टाचीच फसवणूक, आणि असा हुकूमनामा मुळातच रद्दबातल. तो कोणत्याही कोर्टात, केव्हाही, अगदी आनुषंगिक कार्यवाहीतही उपटून काढता येतो.

आपल्या बहिणीलाही हे लागू आहे. लग्नात वडिलांकडून पैसे घेऊन तिने कधी हक्कसोडपत्रावर सही केली असेल, तर ते पहिल्या दिवशी वकिलाला सांगावे. फसवून सही घेतली, हे कोर्टात मांडता येते. सही झालीच नाही असे दाखवायला गेले, तर दावाच बुडतो.

8. काय मागता येत नाही

वकिलाशी झालेले बोलणे आणि त्याने दिलेला सल्ला मागता येत नाही. तो पक्षकाराचा हक्क आहे, वकिलाचा नव्हे. ‘काहीतरी सापडेल’ म्हणून दहा वर्षांची सगळी खाती, सगळा पत्रव्यवहार मागणे चालत नाही. वकिली भाषेत याला ‘फिशिंग’ म्हणतात, पाण्यात जाळे टाकून बसणे.

सरकारच्या गुप्त कागदांचे काय? पुन्हा राजनारायण यांचाच खटला. पंतप्रधानांच्या दौऱ्यातल्या सुरक्षेच्या सूचनांचे ‘ब्लू बुक’ त्यांनी मागितले, सरकारने हरकत घेतली. 1975 च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने मार्ग सांगितला: हरकत घेतली म्हणून संपले नाही, गरज पडल्यास न्यायाधीशाने कागद स्वतः पाहावा आणि ठरवावे. खासगी दाव्यातही कोर्टाला तीच मुभा आहे.

9. व्यापाऱ्यांचा कडक नियम, आणि नवरा-बायकोचा

2015 च्या वाणिज्यिक न्यायालय कायद्याने व्यापारी वादांसाठी आदेश 11 पूर्ण बदलला. वाद किमान किती रकमेचा हवा, ही मर्यादा आधी एक कोटी रुपयांची होती. 2018 मध्ये ती तीन लाखांवर आली. म्हणजे इचलकरंजीतला सूत व्यापारी चार लाखांच्या थकबाकीसाठी दावा लावतो तेव्हा त्याला हा नियम लागतो. त्याने दाव्याबरोबरच वादाशी संबंधित आपल्या ताब्यातले सगळे कागद उघड करायचे, मग ते आपल्या बाजूचे असोत की विरुद्ध, आणि सत्याचे शपथपत्र जोडायचे. हे बंधन दावा संपेपर्यंत चालू राहते. कैफियतीनंतर तीस दिवसांत पाहणी, पाहणीनंतर पंधरा दिवसांत प्रत्येक कागद कबूल की नाकबूल, तेही कारणासह. कैफियतीला मुदत जास्तीत जास्त 120 दिवस. 121 व्या दिवशी दार बंद. साध्या दाव्यातली नव्वद दिवसांची मुदत मात्र सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्येच लवचीक ठरवली आहे. एकाच तालुक्यात, एकाच इमारतीत, दोन दालनांत दोन कायदे. व्यापाऱ्यासाठी जे चांगले, ते वाटपाच्या दाव्यातल्या बहिणीसाठी का नाही, याचे पटेल असे उत्तर मला कुठे वाचायला मिळालेले नाही.

अमेरिकेत स्थायिक झालेल्या आपल्या लोकांना तर हा खेळ आणखी पुढे गेलेला दिसतो. तिथल्या फेडरल कोर्टात सुनावणीआधीच वकिलांच्या ऑफिसात समोरच्या पक्षकाराची शपथेवर सात तासांपर्यंत तोंडी तपासणी करता येते. खर्चही त्याच मापाचा.

आपल्याकडे सक्तीच्या खुलाशाची पद्धत आणखी एका ठिकाणी पोचली, आणि तिची सुरुवात नागपूरच्या कुटुंब न्यायालयातल्या एका पोटगीच्या प्रकरणातून झाली. रजनेश विरुद्ध नेहा, 4 नोव्हेंबर 2020. पोटगीच्या प्रत्येक प्रकरणात नवरा आणि बायको दोघांनीही उत्पन्न, मिळकत, कर्ज यांचे शपथपत्र ठरावीक नमुन्यात द्यायचे, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. ‘पगार पंधरा हजार, बाकी काही नाही’ असे म्हणत पाच वर्षे काढणाऱ्यांची पंचाईत झाली. अर्ज करून मागण्याची गरजच उरली नाही; खुलासा हा प्रकरणाचा पहिला कागद झाला.

10. फोनमधला कागद

आज निम्मा पुरावा फोनमध्ये असतो. भावाने बहिणीला व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलेले ‘तुझा वाटा देतो, घाई करू नको’ हे वाक्य मृत्युपत्राच्या गोष्टीला सुरुंग लावू शकते. पण स्क्रीनशॉटची प्रिंट काढून कोर्टात दिली, की काम झाले असे नाही. प्रतीबरोबर कायद्याने ठरवलेले प्रमाणपत्र लागते.

हा धडा जालन्याच्या एका निवडणूक खटल्यातून पक्का झाला. 2014 ची विधानसभा, 296 मतांचा निकाल, आणि वाद असा, की उमेदवारी अर्ज 27 सप्टेंबरला दुपारी तीनच्या आत दिला की नंतर. निवडणूक अधिकाऱ्याच्या दालनातले व्हिडिओ हा मुख्य पुरावा. सीडी मिळाल्या, पण प्रमाणपत्र वारंवार मागूनही अधिकारी देईनात. अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास कुशनराव गोरंट्याल या प्रकरणात 14 जुलै 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले: प्रतीवर विसंबायचे तर प्रमाणपत्र हवेच, मात्र ज्याच्या हाती ते आहे तो देत नसेल तर कोर्टाकडे अर्ज करा, कोर्ट त्याला हुकूम करील, आणि पक्षकाराने हातचे सगळे करूनही ते मिळाले नाही, तर त्याला दोष नाही. नव्या कायद्यात हे कलम 63 आहे. प्रमाणपत्राचे दोन भाग, एक उपकरण वापरणाऱ्याचा, दुसरा तज्ज्ञाचा. आणि त्यात फाइलचे हॅश मूल्य लिहायचे. हॅश म्हणजे फाइलवरून गणिताने काढलेली अक्षर-आकड्यांची ओळ. मजकुरातला एक काना बदलला तरी ती बदलते.

मूळ फोनच त्याच्या मालकाने साक्षीला उभे राहून कोर्टात हजर केला, तर प्रमाणपत्राची गरज पडत नाही. म्हणून दावा चालू असेपर्यंत जुना फोन एक्सचेंजमध्ये देऊ नका, चॅट पुसू नका, आणि पुढच्या तारखेला वकिलांना एवढे विचारा: मुद्दे निघाले का? निघाले नसतील तर ‘ऑर्डर इलेव्हन’चा अर्ज त्याच दिवशी द्यायला सांगा.